लंडन, आंबे आणि आईचा स्वेटर

मंडळी, सकाळपासून हसतेय आणि मध्येच डोळेही पुसतेय. आम्ही आईला लंडनला नेतोय. आज तारखा ठरवायला बसलो होतो.

खरं तर हा बेत ऐंशीच्या दशकातला, मी शाळेत असतानाचा. बाबा तेव्हा जहाजावर इंजिनिअर होते. जहाज अधूनमधून लंडनला लागायचं. सुट्टीवर आले की आईला म्हणायचे, "या वर्षी तू पण चल गो." आईने पासपोर्ट काढला. रत्नागिरीत स्वेटर कुठला मिळायला, तर तिने स्वतःच लाल स्वेटर विणला.

पण जायचं कधी? मेमध्ये आंबा. मग भातलावणी, मग गणपती, मग कापणी, मग शिमगा. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणता म्हणता तो स्वेटर मला बसायला लागला. कॉलेजात मीच वापरून संपवला.

आज माझ्या मुलीने विचारलं, "आजी, मेमध्ये जाऊया?"

आईच्या आधी बाबाच म्हणाले, "अगो, पण आंबे कोण काढणार?"

आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही काढा. तुमचं लंडन बघून झालंय."

बाबा हळूच म्हणाले, "मी नुसती गोदी बघितली गो. शहर तुझ्याबरोबर बघायचं म्हणून ठेवलं होतं."

आई लाजली. या वयात, नातीसमोर, चक्क लाजली!

बाबांचंही तिकीट काढलंय. तर मंडळी, मेमध्ये आमचे आंबे काढायला कोण येतंय?