चष्मेवाली मावशी

दर जूनमध्ये मी वर्गात न बोलणाऱ्या मुलांची यादी करते. हुशार, कच्चा, मस्तीखोर असली वर्गवारी मी ठेवत नाही. बोलतो की बोलत नाही, एवढंच बघते. जो बोलत नाही त्याला काय येत नाही ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर शिकवायला सुरुवात कुठून करायची?

त्या वर्षी सातवीच्या यादीत सगळ्यात वर जांभूळ गावाहून येणारी एक मुलगी होती. आमची शाळा चिखलोलीच्या बाजूला. स्टेशन होणार म्हणून उभ्या राहिलेल्या इमारतींमधली मुलं आणि आसपासच्या गावांमधली मुलं एकाच बाकावर बसतात. पहिल्याच दिवशी मी तिला काहीतरी विचारलं. ती उभी राहून म्हणाली, "मना नाय ठाव, बाई."

'मला'चं 'मना' ऐकून वर्ग हसला. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "ए मना, तुना काय ठाव हाय?"

बोलणाऱ्याला मी उभं केलं, झापलं. पण नाव पडायचं ते पडलंच. मधल्या सुट्टीपर्यंत ती 'मना' झाली होती. त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

मला जमतील ते उपाय मी केले. शेजारी बोलकी मुलगी बसवली. फळ्यावर लिहायला बोलावलं, तर उत्तर अचूक आणि अक्षर सुरेख. स्टाफरूममध्ये एकटीला बोलावलं, तर मान खाली. 'मोठ्याने बोल, कोणी खात नाही' हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाच त्याचा कंटाळा आला.

दिवाळीनंतर एका प्रशिक्षणात आम्हाला बोलणारे अवतार दाखवले. संगणकावर एक चेहरा निवडायचा, त्याला आपला आवाज जोडायचा, की तो चेहरा ओठ हलवून आपलं म्हणणं बोलतो. लाजाळू मुलांसाठी चांगलं, असं शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं. मी आल्या आल्या वर्गात जाहीर केलं, तर एकाने विचारलं, "बाई, म्हणजे दशावतार का?"

पद्धत मी सोपी ठेवली. मी प्रश्न द्यायचा. मुलांनी घरी उत्तर बोलून घरातल्या मोबाइलवरून मला पाठवायचं. मी रात्री ते ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला जोडायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरवर लावायचं. कोणी घुबड घेतलं, कोणी रोबो. जांभूळच्या मुलीने चिठ्ठीवर लिहून दिलं : चष्मेवाली बाई. पांढऱ्या केसांची, गोल चष्म्याची एक परदेशी म्हातारी होती त्यात, ती.

पहिला प्रश्न अन्न टिकवण्याच्या पद्धतींवर होता. घुबड बोललं, रोबो बोलला, सगळे पुस्तकातलंच बोलले. मग म्हातारीने ओठ हलवले.

"सुकटीला मीठ लावून वालवली का ती वरीसभर टिकते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मांजरीन टिकू दिली तर."

वर्ग फुटला. पण हे हसणं वेगळं होतं. "बाई, परत लावा ना," म्हणून गलका झाला. 'मना' नाव पाडणारा पोरगा तर, "क्या मावशी है यार," म्हणून बाक वाजवत होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ अगदी बारीक हलत होते.

आवाज जाडसर होता. मुलं मुद्दाम आवाज बदलून बोलायची, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही. "तोंडावर रुमाल धरून बोललीस का गं?" असं विचारलं, तर ती खाली बघून हसली.

हिवाळाभर चष्मेवाल्या मावशीचं राज्य होतं. साबण कसा मळ काढतो ते मावशीने सांगितलं. चंद्राच्या कला सांगताना तिने शब्दांतच भाकरीचा एकेक घास मोडला. पोरं डब्यातली भाकरी मोडून चंद्र करायला लागली. त्या मुलीला 'मना' म्हणणं कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती स्वतः मात्र गप्पच होती. मी मनाशी ठरवलं होतं, मार्चमध्ये मावशी बंद करायची आणि हिला उभी करायची.

फेब्रुवारीत आवाज बारीक यायला लागला. मी मोबाइलवर लिहिलं, 'नीट ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोल.' पुढचं उत्तर खणखणीत आलं. शेवटी लांबलचक खोकला होता, तो मी कापून टाकला. मग उत्तरं थांबली, आणि मुलगी शाळेत येईनाशी झाली.

काही दिवसांनी तिचे वडील आले. टेम्पो चालवतात. डोकं भादरलेलं. मी उठून उभी राहिले.

"बायको गेली माझी," ते म्हणाले. "लय दिवस झोपूनच होती."

मी बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

"पोरगी बोलते, बाईंकरं आईचा आवाज हाय."

मला कळायला वेळ लागला. ते सांगत गेले. मुलगी उत्तर लिहायची, आई वाचायची, आणि मग आपल्या मनाने दोन शब्द वाढवून बोलायची. आई चौथीपर्यंतच शिकलेली. "दोघी दार लावून हसायच्या. पाठवून झालं का बायको मला बोलायची, आज मी शालेन जाऊन आली."

"तुमच्या मोबाइलमध्ये नाही का राहिलं?"

"भरतो ओ मोबाइल. पाठवलं का पोरगी पुसून टाकायची."

मीही दर शनिवारी मोबाइल साफ करते. वर्षानुवर्षांची सवय आहे. तो आवाज आता फक्त त्या म्हातारीच्या तोंडात उरला होता आणि तिथून तो वेगळा काढून घेता येत नव्हता. म्हणून मी असं ठरवलं की लॅपटॉपवर वाजवायचं आणि शेजारी त्यांचा मोबाइल ठेवून टिपून घ्यायचं. मी पंखा बंद केला, दार लावलं, मोबाइलमध्ये जागा करून दिली. म्हातारी पडद्यावर आली, तिने डोळे मिचकावले आणि ती बोलायला लागली.

त्यांनी तोंड फिरवलं. "चेहरा नको, बाई. नुसता आवाज द्या."

मी स्क्रीनचा उजेड पूर्ण उतरवला. काळ्या पडद्यातून सुकट आली, साबण आला, चंद्र आला. मध्येच सुट्टी झाली आणि बाहेर पोरांचा आरडाओरडा सुरू झाला. मी म्हटलं, "थांबा, सुट्टी संपल्यावर परत घेऊ."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "शालेनच यायचं होतं तिला."

त्या उत्तराच्या शेवटचा खोकला कुठे गेला, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना तो माहीतच नव्हता. मला माहीत होता.

मुलगी पुढच्या आठवड्यात आली. मी वर्गाला आधी सांगून ठेवणार होते, तसं वहीत लिहूनही ठेवलं होतं. पण कोणत्या शब्दांत सांगायचं ते ठरेना, आणि तोवर ती येऊन आपल्या जागेवर बसलीही. मी प्रश्न विचारला तसा मागून नेहमीचा आवाज आला, "बाई, मावशीला बोलवा ना. किती दिवस झाले."

"हो बाई, मावशी, मावशी."

मी पुस्तक मिटलं. मी काही बोलायच्या आत ती उभी राहिली.

"ती नाय येनार आता," ती म्हणाली. "माजी आईस व्हती ती. मेली."

कोणी हसलं नाही. मागचा पोरगा अर्धवट उभा राहिला आणि तसाच खाली बसला. वर्षभर मी जो आवाज मागत होते तो हा. पातळ, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आईसारखा अजिबात नव्हता.

"बस, बाळा," मी म्हटलं.

ती बसली नाही. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने सांगायला घेतलं.