पाहुण्यांपुढं कर्सरची उडी

आमच्या पिंपळगाव राजात मुलगी पाहायला पाहुणे आले, की तिनं विणलेलं-भरलेलं सगळं पुढं मांडतात. मला साधा टाका घालता येत नव्हता. म्हणून बाबांनी ठरवलं, पोरगी कॉम्प्युटर दाखवेल. मी पुष्कळ आदळआपट केली. पण मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत होता, आणि खरं सांगते, मला तो हवा होता. पुणंही हवं होतं.

मी तेव्हा खामगावात एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या कामाचे प्रोग्रॅम लिहायची. प्रोग्रॅममध्ये 'इफ'नं ब्लॉक उघडतो, 'एंडइफ'नं मिटतो. एकाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा असं झालं, की कुठला शेवट कुणाचा हे शोधताना डोकं भंजाळून जायचं. प्रोग्रॅम ज्यात टाइप करायचे, तो आमचा एडिटर फक्त कंसांच्या जोड्या ओळखायचा. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून मी त्याला हे शब्दही शिकवले. आता 'इफ'वर एक बटण दाबलं, की कर्सर थेट त्याच्याच 'एंडइफ'वर. माझी मीच खूश. हेच पाहुण्यांना दाखवायचं ठरवलं, अन् तिथंच माती खाल्ली.

पोहे झाले. साडी सावरत मी खुर्चीवर बसले आणि बटण दाबलं. कर्सर उडी मारून बरोबर खाली गेला. पुन्हा दाबलं, वर आला. मुलाची आई पडद्याकडे पाहतच होती.

"सुरू कधी होईल?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

 मुलाला तरी कळलं असेल, पण तो चहाच्या कपात पाहत बसला. तेवढ्यात बाबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच, जोरजोरात. "पाह्यलं का? इकडून तिकडे गेलं. पुण्यातल्या पोरीले जमते का हे?" मुलाची बहीण तोंडावर हात धरून हसली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

काही दिवसांनी नकार आला. बाबा म्हणाले, "पत्रिका जुयली नाही." पण ज्यांनी स्थळ आणलं होतं त्या मामांनी आईला खरं कारण सांगितलं, ते मी आतून ऐकलं. मुलगी चांगली आहे, वडील फार गावंढळ.

राग यायला हवा होता पाहुण्यांचा. आला बाबांचा. तशीच तरातरा अंगणात गेले. बाबा बाजाराची वांगी निवडत होते.

"काऊन वाजवल्या टाळ्या? तुम्हाले काही समजलं तरी होतं का?"

त्यांनी मान वर केली नाही. "नाही समजलं बाई," ते म्हणाले. "तू बटन दाबून साऱ्याईच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. कोणी काहीच बोलेना. म्हणून वाजवल्या."

मग मलाच त्यांच्याकडे पाहवेना.