सन १५८७ची तुळई

थॉर्पली गावाला मिरवायला तीनच गोष्टी होत्या: चर्चचा दगडी मनोरा, गढीच्या मागचा गोल कबुतरखाना आणि हेस्टर गॅरडचं घर. मनोऱ्याचं टोक वीज पडून गेलं ते गेलंच. कबुतरखाना कबुतरांनीही सोडला. घरात मात्र हेस्टर अजून राहत होती, आणि कुडकुडत होती.

दारावरच्या तुळईत आकडा कोरलेला होता, १५८७. लोक लांबून येत, त्यावरून हात फिरवत आणि समोरच्या डोरीनच्या दुकानात चहा पीत. हेस्टरच्या वाट्याला यायचा तो शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या जुन्या काचांतून शिरणारा वारा. सदुसष्टाव्या वर्षी तिची छाती ऑक्टोबरपासूनच घरघरू लागे. डॉक्टर म्हणत, खिडक्या बदला. कौन्सिल म्हणे, इतक्या जुन्या घराला हात लावायचा नाही.

शेवटी खरं काय ते सांगून खिडक्या बदलून घ्याव्यात म्हणून तिनं कौन्सिलच्या माणसाला बोलावलं. आकडा खोटा होता. सायकलवरून फिरायला येणारे लोक चहाला थांबावेत म्हणून तिच्या आजोबांनी, ओबेड सुतारांनी, तो कोरला आणि वर काजळी चोळली. पाच वर्षांच्या हेस्टरनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि साठ वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं.

डोरीनला तिनं आदल्या दिवशीच सांगून टाकलं. त्यामुळे ती सकाळीच दारात हजर.

"बोललीस ना हेस्टर, तर माझ्या किटल्या गंजतील बघ."

"माझी छाती गंजली, ती कोण घासणार? तू?"

"एक शाल घे की अंगावर!"

"तीन घेतल्यात. मोज."

कौन्सिलचे मिस्टर लॅव्हरॅक आले. हेस्टरनं एका दमात सगळं सांगितलं आणि खुर्चीत बसली. दम लागला होता, पण हलकं वाटत होतं. लॅव्हरॅकांनी शिडी मागितली, माळ्यावर चढले, बराच वेळ खुडबुडले. खाली आले तेव्हा बोटं काळी झाली होती.

"मिस गॅरड, वरचे वासे धुरानं काळे ठिक्कर पडलेत. म्हणजे घर बांधलं तेव्हा धुराडंच नव्हतं. चूल मधोमध जमिनीवर पेटायची."

"म्हणजे?"

"अशी घरं १५८७च्याही आधीची. तुमच्या आजोबांनी घराचं वय शंभरेक वर्षं कमीच लिहिलं."

डोरीन हसली, मग हेस्टरकडे बघून तिनं हसू आवरलं.

"आणि खिडक्या?" हेस्टरनं विचारलं.

"आता तर मुळीच नाही. आतून जाड पडदे लावा."

ते गेल्यावर डोरीननं हळूच विचारलं, "मग दुकानाच्या पाटीवर काय लिहू गं?"

"लिही, इथं वारा फुकट मिळतो."

हेस्टरनं कपाटातून जुने लोकरी मोजे काढले, एकेक गुंडाळून पहिल्या खिडकीच्या फटीत कोंबला. चार खिडक्या अजून राहिल्या होत्या. मोजे संपले. मग तिनं अंगावरची तिसरी शाल काढली, आणि कात्री शोधायला उठली.