मोजायचं कसं, हे विचारायचं नाही

"क्वांटम फील्डचं गणित सोडवायचं. मोजायचं कसं, हे विचारायचं नाही!" एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला विभागप्रमुख जोगळेकर सरांनी हा नियम बजावला. २००१ च्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीतल्या आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये दोन वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात, पन्हळीत पालापाचोळा साचतो तसे.

*

मी दुसऱ्याच दिवशी नियम मोडला.

"सर, मांडवीच्या किनाऱ्यावर वारा बघायचा तरी हातभर फडकं लागतं. फील्डपण वाऱ्यासारखंच, सगळ्या जागेत पसरलेलं. मग त्याचं एका बिंदूवरचं माप घ्यायला बिंदूएवढं फडकं कुठनं आणायचं?"

"शिवणक्लास मागच्या गल्लीत आहे!"

वर्ग खिदळला. प्रश्न तिथेच राहिला.

*

एकदा फळ्यावर उत्तर अनंत आलं. सरांनी शांतपणे डस्टर फिरवलं.

"सर, अनंत गेलं कुठे?"

"पाहुणे आले की पसारा कपाटात कोंबतेस ना? तसं."

"आमच्याकडचे पाहुणे कपाट उघडून बघतात, सर!"

*

गायगर काउंटरचं प्रॅक्टिकल. मिनिटाला किरणोत्सर्गाचे किती कण येतात ते मोजायचं. आकडा दर वेळी थोडा वेगळा येणारच, निसर्गच तसा. पण प्रॅक्टिकल घेणारे मुकादम सर भडकले.

"सगळ्या पोरांचे सगळे आकडे सारखे! तुझेच वेगळे कसे?"

"कारण मी मोजले, सर!"

प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावलं. मला!

*

घरी, नाटे गावात, चाचांची उलटतपासणी.

"शिकतेस काय?"

"निर्वात. म्हणजे काहीच नसलेली जागा."

"त्यासाठी रत्नागिरी कशाला? 'काहीच नाही' तर आपल्या गावातपण भरपूर आहे!"

मग आवाज बदलला. "फर्स्ट क्लास आला तर पुढे शीक. नाहीतर निकाह."

*

आणि तोंडी परीक्षा. फर्स्ट क्लास तिच्याच मार्कांवर अडलेला. मधे बाहेरून आलेले परीक्षक, दोन बाजूंना आमचे दोन सर.

"निर्वातात फील्ड मोजलं तर किती येईल?"

परीक्षकांच्या पाठीमागे हात नेऊन जोगळेकर सरांनी बोटांचा गोल करून दाखवला. शून्य!

"सरासरी शून्य," मी म्हटलं. "पण प्रत्येक मोजणीत शून्य येणार नाही. जागा जितकी लहान घ्याल, तितका चढउतार मोठा. नेमक्या बिंदूवर तर मोजताच येत नाही."

"उत्तर फक्त शून्य आहे," परीक्षक म्हणाले. "शून्य म्हणा, विषय संपला."

मुकादम सर कळवळले. "म्हण ना गो बाय! फर्स्ट क्लास जाईल तुझा."

"नाही म्हणणार."

"पण का?"

"तुमच्यापैकी कुणी मोजलंय?"

परीक्षकांनी जोगळेकर सरांकडे पाहिलं. जोगळेकर सरांनी मुकादम सरांकडे. मुकादम सरांनी पंख्याकडे.