रविवारी सांगतो

पेठे काकांसमोर पिक्चरबद्दल बोलायचं असेल तर आधी तिकीट दाखवावं लागायचं. मजाक नाही. भोपाळच्या जवाहर चौकात चहाच्या टपरीबाहेर आमचा एक बाक आहे. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी आम्ही चार-पाच पिक्चरवेडे तिथे जमतो. कोणी "अरे, तो नवा आलाय ना, एकदम बकवास" असं सुरू केलं की काका चहाचा ग्लास खाली ठेवायचे आणि हात पुढे करायचे. "तिकीट?" मोबाइलवरचं दाखवलं तर चालायचं, पण ते बघताना त्यांचं तोंड कडू व्हायचं. ते स्वतः खिडकीवरून घेतलेलं कागदी तिकीट शर्टाच्या खिशातून काढून ग्लासाखाली ठेवायचे. ज्याने पिक्चर बघितला नाही त्याला म्हणायचे, "मग तोंड फक्त चहासाठी उघड."

दुसरा नियम असा की शुक्रवारी मत द्यायचं नाही. निदान ते तरी द्यायचे नाहीत. शुक्रवारी सकाळचा पहिला शो बघून संध्याकाळी आमच्यात येऊन बसायचे, सगळ्यांची बडबड ऐकायचे आणि विचारलं की एकच उत्तर. "रविवारी सांगतो." मी एकदा म्हटलं, "काका, रविवारपर्यंत तर लोक पुढच्या पिक्चरची बुकिंग करतात!" तर म्हणाले, "शुक्रवारी माणूस पिक्चरबद्दल बोलत नाही रे. एसीबद्दल बोलतो, शेजारच्याच्या पॉपकॉर्नबद्दल बोलतो. दोन दिवस जाऊ देत. मग डोक्यात जे उरेल, तो पिक्चर."

आणि त्यांचं माप काय, तर कंबर. पाटबंधारे खात्यात असताना धरणाच्या साइटवर जीप उलटली होती, तेव्हापासून कंबर गेलेली. डावा हात कायम कंबरेवर. पिक्चर एक नंबर असेल तर म्हणायचे, "कंबर आठवली नाही." ठीकठाक असेल तर, "इंटरवलला आठवली." आणि अगदीच वाईट असेल तर, "नावं पडता पडताच आठवली." यापुढे तारीफ नाही, शिव्या नाहीत. अख्ख्या बाकाला कळायचं.

आता माझं सांगतो. मी बऱ्हाणपूरचा. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून एका वर्गाला मधल्या सुट्टीआधीच घरी पाठवलं होतं. त्याचे वळ दोन्ही हातांवर आठवडाभर होते, पण इज्जत दहावीपर्यंत टिकली. भोपाळला आलो, जवाहर चौकातच मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलो, आणि बाकावरच्या सगळ्यांच्या नकला त्यांच्या तोंडावर करायला लागलो. बँकेतले तिवारीजी, शाळेतल्या सरवटे मॅडम, चहावाला, कोणाला सोडलं नाही. काका पोट धरून हसायचे. एकदा विचारलं त्यांनी, "माझी करतोस का रे कधी?"

"छे काका, तुमची कोण करणार!"

खोटं. माझी सगळ्यात हिट नक्कल त्यांचीच होती. फक्त ते मिसरोदला घरी जायच्या बसमध्ये चढले की मग सुरू व्हायची.

त्या शुक्रवारी काका बाकावर आलेच नाहीत. असं कधी झालं नव्हतं. एक छोटासा पिक्चर लागला होता, एकाच थिएटरमध्ये, दिवसाचे दोनच शो. हीरो नाही, गाणी नाहीत. तिवारीजी बघून आले होते आणि वैतागले होते. "बहुत स्लो है यार. आधा काट देते तो भी चलता." सरवटे मॅडम म्हणाल्या, "पेठे काकांनी काय म्हटलं असतं कोण जाणे."

बस, मला एवढं पुरलं. मी डावा हात कंबरेवर ठेवला, मान थोडी तिरकी केली. "नावं पडता पडताच कंबर आठवली, हो! आणि हा पिक्चर ज्याने कापलाय ना, त्याला आधी घरी भेंडी कापायला बसवा. ती जमली तर मग पिक्चर!" तिवारीजींच्या नाकातून चहा आला. मॅडमनी मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड केला होता. मी पिक्चर बघितलेला नव्हता. तिकीट विचारणारा माणूस तिथे नव्हता, म्हणून विचारलं नाही कोणी.

शनिवारी दुपारी मी दुकानात एकाचा स्क्रीन बदलत होतो. काका आले. भर उन्हात, मिसरोदहून. स्टुलावर बसले, पण डावा हात कंबरेवर नव्हता. दोन्ही हातांनी फोन धरला होता.

"नित्या, यात काहीतरी बिघाड आहे. मी न बोललेलं यात येतंय."

त्यांनी बटण दाबलं. भेंडी.

माझ्या हातातून स्क्रू पडला. तो उचलायला मी खाली वाकलो आणि थोडा वेळ खालीच राहिलो.

"आवाज माझाच आहे," काका म्हणाले. "पण मी हे कधी बोललो? काल मी थिएटरमधून सरळ घरी गेलो. गेलो ना? का बाकावर आलो होतो मी? तू होतास तिथे, तू सांग."

मी स्क्रू घेऊन वर आलो.

"माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी बोललेलं विसरायचा. नंतर माणसं विसरला." त्यांनी फोन काउंटरवर ठेवला, अगदी हळू. "माझं जाऊ दे. हे मृदुलाला पोचलंय. तो पिक्चर तिने कापलाय."

मृदुला म्हणजे त्यांची मुलगी, एवढंच आम्हाला माहीत होतं. मुंबईला असते, नोकरी करते, असं ते सांगायचे. नोकरी तिने चार वर्षांपूर्वीच सोडली होती, हे त्या दुपारी कळलं. पिक्चरच्या एडिटिंगचं काम शिकायला लागली, तेव्हा आयुष्यभर पहिला शो न चुकवलेला हा माणूस तिला म्हणाला होता, "पिक्चर बघायचा असतो, करायचा नसतो." ती घरी येऊन परत निघाली तेव्हा तिला सोडायला स्टेशनवरही गेला नाही. त्यानंतर फोनवर जेवणाखाणाच्या पुढे दोघांचं बोलणं सरकलं नव्हतं. आणि मागच्या आठवड्यात तिने फोन केला होता. "बाबा, माझा पहिला पिक्चर येतोय. बघा. आणि रविवारी सांगा."

आदल्या रात्री सरवटे मॅडमच्या मोबाइलमधली ती गंमत इंदूरला त्यांच्या बहिणीकडे गेली, तिथून मृदुलाच्या एका मैत्रिणीकडे, आणि सकाळी मृदुलाकडे. तिने ती बापाला परत पाठवली होती. खाली एकच ओळ. "बाबा, रविवारपर्यंत तरी थांबायचं होतं."

"सकाळपासून फोन उचलत नाहीये," काका म्हणाले. "मी खरंच बोललो असेन का रे?"

खरं सांगतो, सुटायची वाट समोर उघडी होती. "काका, उन्हाने होतं असं कधी कधी, डॉक्टरला दाखवू या," हे माझ्या जिभेवर तयार होतं. त्यांच्याच आवाजात त्यांनाच गुन्हेगार ठरवून मी मोकळा झालो असतो. आणि ते मला थँक्यू म्हणून बस पकडून घरी गेले असते.

पण "मी केलं" हे शब्द काही निघेनात. आयुष्यभर दुसऱ्यांचं तोंड वापरून बोललो, स्वतःचं ऐन वेळी बंद पडलं. म्हणून मी उभा राहिलो, डावा हात कंबरेवर ठेवला आणि म्हटलं, "नावं पडता पडताच कंबर आठवली, हो..."

काकांनी आधी डोळे मिटले. लांब श्वास सोडला. म्हणजे डोकं शाबूत आहे, एवढं त्यांना कळलं असणार. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं की हेडमास्तरांची छडी बरी होती.

"तुझ्या फोनवरून लाव तिला. स्पीकरवर."

तिसऱ्या रिंगला तिने उचलला. मी एका दमात सांगून टाकलं. ताई, मी भोपाळहून नितीन, जवाहर चौकातला, ती नक्कल माझी होती, काका काही बोललेच नाहीत, मी तर पिक्चरसुद्धा बघितलेला नाही. काकांनी फोन जवळ ओढला.

"मृदुला, मी बोलतोय. पिक्चर चांगला आहे. फार चांगला आहे."

"नितीन," ती म्हणाली, "एकदा झालं तेवढं पुरे झालं."

"अगं, मी बाबा!"

"माझ्या बाबांनी आयुष्यात कशालाच 'फार चांगला' म्हटलेलं नाही. तू आवाज छान काढतोस, पण आता माझी चेष्टा करू नकोस. ठेवते मी."

काका माझ्याकडे बघत राहिले. स्वतःच्या पोरीला स्वतःचा आवाज पटत नव्हता, आणि ही करामत माझी होती. मी कोणत्या आवाजात काय सांगणार? मी बोललो असतो तर आणखी बिघडलं असतं.

"जिना," काका एकदम म्हणाले.

ती थांबली. फोन कट झाला नव्हता.

"बाप मुलीला होस्टेलवर सोडून जिना उतरतो. तो निघून गेलाय, आणि तू रिकामा जिनाच दाखवत बसलीस. तीन सेकंद जास्त आहेत. तिथे मला कंबर आठवली. बाकी कुठे नाही."

बाहेर एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं जाऊन त्याचा हॉर्न उपटून आणावा.

"चार सेकंद, बाबा," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "डायरेक्टर काढ म्हणत होते. मी भांडून ठेवलेत."

"भांडलीस?"

"हो."

"बरं केलंस," काका म्हणाले. मग जरा वेळाने, "पण जास्त आहेत."

मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. ते दोघं अर्धा तास बोलले, माझ्या फोनवरून. स्क्रीनवालं गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं, मी त्याला आत सोडलं नाही.

काका बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "काका, माझ्यावर रागावलात?"

"रविवारी सांगतो."

यार, ती रात्र मी कशी काढली ते मलाच माहीत. रविवारी सकाळी बाकावर सगळे आले. सरवटे मॅडमनी माफी मागितली, तिवारीजी चपलेकडे बघत बसले. काकांनी चहा घेतला. डावा हात कंबरेवर होता. माझा जीव थोडा जागेवर आला.

"नक्कल ऐकली," ते म्हणाले. "आवाज बरोबर पकडलायस. मान बरोबर असणार. पण भेंडी मी म्हटलं नसतं, मला आवडते भेंडी." कोणी हसायची हिंमत केली नाही. "एक गोष्ट खोटी होती. पेठे न बघितलेल्या पिक्चरबद्दल बोलत नाही."

त्यांनी खिशातून एक कागदी तिकीट काढलं आणि माझ्या ग्लासाखाली सरकवलं. आजचं, तीनचा शो.

"जा. बघून ये. आणि स्वतःच्या तोंडाने सांग."

मी गेलो. थिएटरमध्ये आम्ही अकरा जण होतो. पिक्चर स्लो आहे, तिवारीजी खोटं बोलले नव्हते. मग तो जिना आला. बाप उतरून गेला. रिकाम्या पायऱ्या. मी मोजत होतो, एक, दोन, आणि तीनला मोजायचं विसरलो, कारण मला वाटायला लागलं की तो परत वर येईल. काही तरी विसरला म्हणून, पाण्याची बाटली द्यायची राहिली म्हणून. नाही आला. पुढचा सीन सुरू झाला.

बाहेर आल्यावर तिवारीजींचा फोन. "कैसी लगी, बोल ना!" तोंडाशी आलं होतं. दाबून टाकलं.

पुढच्या रविवारी बाकावर मी तिकीट ग्लासाखाली ठेवलं. कोणाचाही आवाज न काढता बोलायचं म्हणजे भर चौकात शर्ट काढून उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"काका, तुमचं चुकलं," मी म्हटलं. "जिना लांब नाहीये. कमी आहे. अजून थोडा थांबायला पाहिजे होता."

काकांनी ग्लास खाली ठेवला. बराच वेळ त्या तिकिटाकडे बघितलं.

"तिला सांग हे," ते म्हणाले. "नंबर आहे ना तुझ्याकडे."