दगडातला मासा आणि चांदची संध्याकाळ

उल्हासनगरला जायचं ठरलं ते माझ्याच बोलघेवडेपणामुळे. दादरला आमच्या दारी पापड विकायला येणाऱ्या पार्वतीअम्माने सांगितलं होतं, सिंध सोडताना तिने घरातून एक दगड आणला आणि त्यात मासा आहे. सिंध्यांच्या झुलेलाल देवाचं वाहन म्हणून ती तो पुजते. मी हे माझ्या धाकट्या दिरांना सांगितलं. ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. पुढच्याच रविवारी आम्ही निघालो.

विठ्ठलवाडीला उतरून टांगा करावा. आठ आण्यांच्या वर देऊ नये. निर्वासितांच्या कॅम्पात मिलिटरीच्या जुन्या बराकी, मधे गोणपाटाचे पडदे लावून केलेली घरं. अम्माने गरम दाल-पकवान खाऊ घातलं, मग दगड दाखवला. शेंदराखाली गोल अंगाचा मासा, जबड्यात हरभऱ्यासारखे दात.

"पिक्नोडस!" भाऊजी ओरडले. "वहिनी, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रातला मासा हा. शिंपले फोडून खायचा. याचं कूळच संपलं." आणि कुणाला न विचारता चाकूने शेंदूर खरवडायला लागले.

"साहब, धीरे! देवता है," अम्मा म्हणाली.

परक्याच्या प्रार्थनेच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आमच्या अंगी मुरवलं होतं. तरी मी गप्प बसले.

भाऊजींना आपल्या लेखासाठी अंबरनाथच्या स्टुडिओत दगडाचा फोटो काढायचा होता. अम्मा म्हणाली, "आज चांद है. शाम की पूजा में चाहिए." अमावास्येनंतरची कोर दिसते त्या संध्याकाळी त्यांच्यात झुलेलालची पूजा असते. मग माझ्याकडे बघून, "बहन साथ है, तो ले जाओ."

फोटो झाला. अंबरनाथचं काळ्या दगडाचं शिवमंदिर जरूर पाहा. दगडाच्या काळजीत मला त्या दिवशी ते धड दिसलं नाही. बदलापुरात, बेलवलीला भाऊजींच्या मित्राकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवलो. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "आता थेट दादर."

"आणि दगड?"

"म्युझियमला देऊ. तिला काय कळतंय? दुसरा एखादा दगड पाठवू, शेंदूर फासला की झालं."

माझं डोकं फिरलं. देश गेला, घर गेलं, त्या बाईने उराशी धरून आणलेली ही एक वस्तू, आणि हा शिकलेला माणूस तिला दुसरा दगड देणार! विठ्ठलवाडी येताच मी त्यांची दगडाची पिशवी उचलली.

"वहिनी, तमाशा नको! विज्ञानाचं नुकसान करताय."

"विज्ञानाचं नाही, तुमच्या लेखाचं," म्हटलं आणि उतरले.

बराकीत बायका कणकेचा दिवा लावायच्या खोळंबल्या होत्या. अम्माने दगड घेतला, खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. चंद्रकोर दिसली, दिवा लागला.

भाऊजींनी माझ्याशी अबोला धरला आहे; खुशाल धरोत. पण परवा अम्मा आली ती दाराबाहेरच थांबली.

"वो साहब घर में है?"

"नाही गं, ये ना आत."

तिने पापड उंबऱ्यावर ठेवले आणि तिथूनच वळली.