लायलकला मोड

२००३ साली मिशिगनमधल्या नोव्हायच्या अपार्टमेंटमध्ये मी खिडकीची काच नुसत्या नजरेनं झिजवून पातळ केली. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा, त्यावर काम करायला बंदी. गाडी एकच, ती सकाळी नवऱ्याबरोबर जायची. चालत जावं तर दोन मैल फुटपाथ नाही. पोस्टमनला मी इतक्या वेळा गाठलं, की तो पेट्या धावतच भरायला लागला.

शेजारच्या घरातल्या अमेरिकन आजींच्या दारात लायलकचं, जांभळ्या सुवासिक फुलांचं झुडूप होतं. ऑक्टोबरात त्यावर सुकलेल्या, तपकिरी बोंडांचे घोस आले. प्रत्येक बोंड चिमणीच्या चोचीसारखं उकललेलं, आत चपट्या बिया. आजींनी मूठभर माझ्या ओंजळीत टाकल्या. "एक रोप काढून दाखव. दर मंगळवारी तुला माझ्या गाडीतून गार्डन क्लबला नेईन."

आठवड्यातून एक दिवस बाहेर. त्यासाठी मी दगडालाही मोड आणले असते.

आणि मोड आणायची मला एकच रीत ठाऊक. बिया रात्रभर भिजवल्या, फडक्यात बांधल्या, हीटरपाशी ठेवल्या, मटकीसारख्या. चौथ्या दिवशी असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्यांनी घर सोडायचं ठरवलं.

"यार, उसळ नासली का?" नवऱ्यानं विचारलं.

मी गुपचूप कुंडीत मेथी पेरली आणि पंधरा दिवसांनी आजींपुढे ठेवली. त्यांनी पान खुडून चावलं. "हनी, या लायलकला करीचा वास येतोय."

"मिशिगनचं पाणी," मी म्हटलं.

"लायलकच्या बीला ऊब नको, थंडी लागते. ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेव. दोन-तीन महिने."

झुडपावरची उरलेली बोंडं झाडून मी बिया दह्याच्या डब्यात घातल्या. नवऱ्यानं दोनदा त्यात चमचा बुडवला. बाहेर बर्फ, आत मी, माझ्या आत फक्त मंगळवार.

मार्चमध्ये बिया कुंडीत पेरल्या, एप्रिलमध्ये दोन कोंब आले. मी चपला न घालताच धावले. आजींच्या दारात गाडी नव्हती.

"मुलानं नेली. मी गॅरेजचं दार पाडलं ना परवा. डोळे गेलेत म्हणतो," आजी म्हणाल्या. त्यांनी कुंडी नाकाला लावून कोंब पाहिले.

"मग मंगळवार?" मी निर्लज्जासारखं विचारलं.

"मंगळवार आहेच. क्लब तेवढा गेला."

पुढच्या मंगळवारी मी साडी नेसून, लिपस्टिक लावून, तेवीस पावलं चालत त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथून रस्ता थोडा जास्त दिसायचा.